हलती घडी : प्रथिनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

गाय किंवा म्हैस व्यायली की पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक उकडून त्याचा खरवस करतात. त्याच जनावराचे महिनाभरानंतरचे दूध कितीही उकळले तरी त्याची वडी पडत नाही. आच तीच, पातेले तेच. फरक आहे तो प्रथिनांत. चिकात वासराला रोगांपासून वाचवणाऱ्या प्रतिपिंडांचा भरणा असतो. ही प्रथिने म्हणजे नेटक्या घड्या पडलेल्या लांब साखळ्या. उष्णतेने त्या घड्या उकलतात, आत दडलेले भाग उघडे पडतात, एकमेकांना चिकटतात आणि पाण्याला धरून ठेवणारे जाळे तयार होते. नेहमीच्या दुधात प्राबल्य असते केसीनचे. केसीनला अशी ठरावीक घट्ट घडी मुळातच नसते, त्यामुळे उष्णतेला मोडायला फारसे काही सापडत नाही. खरवस होताना प्रतिपिंडाची साखळी तुटत नाही, तिच्यातली अमिनो आम्ले जिथल्या तिथे राहतात. जाते ते तिचे काम. म्हणजे प्रथिनाचे काम नुसत्या द्रव्यात नसते, त्या द्रव्याने धारण केलेल्या आकारात असते. आणि तो आकार चुलीवरच्या वाफेने नाहीसा व्हावा इतका कच्चा असतो. सजीवांची जवळजवळ सगळी कामे ज्यांच्यावर सोपवलेली आहेत ते रेणू इतके कच्चे का, हा प्रश्न या ग्रंथाच्या मुळाशी आहे. माझे म्हणणे असे, की हा कच्चेपणा प्रथिनांच्या कामात आडवा येणारा दोष मानणे चूक आहे. बहुतेक ठिकाणी काम चालते ते त्याच्याच आधारावर.

आधी हा कच्चेपणा नेमका किती, ते पाहू. पेशीत तयार होणारे प्रथिन ही मुळात वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची फाटे नसलेली साखळी असते. कोणत्या आम्लापुढे कोणते यायचे हे जनुकात लिहिलेले असते आणि त्या क्रमाने रायबोसोम कड्या जोडत जातो. कड्यांमधले पेप्टाइड बंध भक्कम असतात. ते तोडायला पोटातल्या पाचक विकरांसारखी खास यंत्रणा किंवा तीव्र आम्लात तासन्‌तास उकळणे लागते. घडीचे तसे नाही. काही अमिनो आम्लांच्या शाखा तेलकट असतात, त्या पाण्यापासून दूर आत सरकतात; पाण्याशी जुळणाऱ्या शाखा बाहेर राहतात. साखळीचे तुकडे हायड्रोजन बंधांनी मळसूत्रासारखे वळतात किंवा शेजारी शेजारी पसरून पट्टे तयार करतात. लायनस पॉलिंग आणि रॉबर्ट कोरी यांनी १९५१ साली मांडलेल्या या दोन रचना आज शालेय पुस्तकांतही आहेत. पण घडी पडताना साखळीला मोठी किंमत मोजावी लागते. मोकळेपणी वळवळण्याची मुभा जाते, पाण्याशी असलेले कितीतरी बंध सुटतात. ही सगळी जमा आणि सगळा खर्च मांडला तर सामान्य आकाराच्या प्रथिनाच्या पदरी एका मोलमागे साधारण ५ ते १५ किलोकॅलरी एवढीच शिल्लक उरते. दोन-चार हायड्रोजन बंध तोडायला लागते तेवढी ही ऊर्जा. हजारो अणूंचा रेणू एवढ्याशा शिलकीवर आपला आकार टिकवून असतो.

या विषयाचा इतिहास मात्र बराच काळ उलट दिशेने गेला. १८९४ साली एमिल फिशर यांनी विकर आणि ते ज्यावर काम करते तो पदार्थ यांना कुलूप आणि किल्ली म्हटले, आणि ही प्रतिमा पुढे अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यासकांच्या मनात ठाण मांडून बसली. तिने खूप काही दिले. एक विकर एकाच पदार्थाला का ओळखते, ते तिने समजावले. १९६०च्या सुमारास ख्रिश्चन अन्फिन्सन यांच्या प्रयोगांनी आकाराचे महत्त्व पक्के केले. त्यांनी १२४ अमिनो आम्लांच्या रायबोन्यूक्लिएज या विकराची घडी युरियाने पूर्ण उकलली, तिच्यातले गंधकाचे चारही दुवे तोडले, आणि मग युरिया काढून घेतला. गंधकाच्या आठ टोकांच्या चार जोड्या १०५ वेगवेगळ्या प्रकारे जुळू शकतात. विकराने त्यांतली नेमकी मूळचीच मांडणी पुन्हा मिळवली आणि ते कामाला लागले. आकाराची सगळी माहिती अमिनो आम्लांच्या क्रमातच असते, हा निष्कर्ष त्यातून निघाला. त्याच सुमारास मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी दाखवले, की साखळीतली प्रत्येक कडी वाटेल त्या कोनात वळू शकत नाही. अणू एकमेकांवर आदळतात, आणि वळणाच्या सर्व शक्यतांपैकी थोड्याच उरतात. १९६३चा हा रामचंद्रन आलेख आजही नव्या प्रथिनरचनेची पहिली कसोटी म्हणून वापरतात. हे सगळे संशोधन खरे आहे आणि टिकणारे आहे. पण त्यातून वाचकाच्या मनात एक चित्र घट्ट बसले : एक क्रम, एक आकार, एक काम. या चित्रात हालचालीला जागाच नव्हती.

त्या चित्राला तडा पहिल्याच रचनांनी दिला. जॉन केन्ड्रू यांनी देवमाशाच्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनची रचना क्ष-किरणांनी उलगडली; ती कोणत्याही प्रथिनाची पहिली त्रिमिती रचना. मायोग्लोबिन ऑक्सिजन साठवते. तो ज्या लोहाच्या अणूला चिकटतो तो अणू रेणूच्या आत खोल बसलेला आहे. रचना बारकाईने पाहिल्यावर लक्षात आले, की बाहेरून त्या लोहापर्यंत जायला ऑक्सिजनएवढी मोकळी वाटच नाही. चित्रावर शब्दशः विश्वास ठेवला तर ऑक्सिजन आत जाऊ शकत नाही आणि बाहेरही पडू शकत नाही. प्रत्यक्षात तो क्षणार्धात आत जातो. याचा अर्थ एकच : भिंती हलतात, फटी उघडतात आणि मिटतात, आणि चित्रात दिसतो तो या हालचालींचा सरासरी ठसा असतो. हिमोग्लोबिनने तर हे डोळ्यांना दाखवले होते. १९३८ साली फेलिक्स हाउरोविट्झ यांनी ऑक्सिजनविरहित हिमोग्लोबिनचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. हवा आत शिरली तसे ते स्फटिक मोडले आणि वेगळ्याच आकाराचे नवे स्फटिक तयार झाले. ऑक्सिजनचा एवढासा रेणू चिकटल्याने प्रथिनाचा सगळा आकारच बदलतो, हे त्यात स्पष्ट होते. मॅक्स पेरुट्झ यांनी केंब्रिजमध्ये १९३७ सालीच या रेणूवर काम सुरू केले होते. त्याचे पहिले ढोबळ चित्र मिळायला १९५९ उजाडले, आणि दोन अवस्थांमधला फरक अणूंच्या पातळीवर समजायला आणखी दहा-बारा वर्षे गेली. एका प्रश्नापाशी इतकी वर्षे बसून राहण्याची ती चिकाटी विज्ञानाच्या इतिहासात विरळा आहे.

हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. ऑक्सिजन बसला की लोहाचा अणू अंगस्ट्रॉमच्या अर्ध्याहून कमी अंतर सरकतो. ती हालचाल जवळच्या मळसूत्राला ओढते, आणि शेवटी रेणूचा एक अर्धा भाग दुसऱ्याच्या तुलनेत सुमारे १५ अंशांनी फिरतो. त्यामुळे उरलेल्या लोहांना ऑक्सिजन धरणे सोपे जाते. फुप्फुसात रेणू जवळजवळ पूर्ण भरतो आणि ऊतींकडे गेल्यावर, जिथे ऑक्सिजन कमी आणि आम्लता जास्त, तिथे तो सैल सोडतो. मायोग्लोबिन ऑक्सिजनला इतके घट्ट धरते की वाहतुकीसाठी ते निरुपयोगी ठरले असते. वाहक व्हायचे तर धरणे आणि सोडणे दोन्ही जमले पाहिजे, आणि त्यासाठी दोन आकार हवेत, एकातून दुसऱ्यात जाण्याची वाट सोपी हवी. घडी भक्कम असती तर लोहाच्या एवढ्या लहान हालचालीने एवढा मोठा रेणू हलला नसता. कच्चेपणा कामाला येतो म्हणजे काय, याचे हिमोग्लोबिनइतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे सापडत नाही, म्हणून पुढच्या प्रकरणांत तेच सर्वांत आधी घेतले आहे.

याच रेणूतला एक आजार महाराष्ट्रातल्या हजारो घरांना ठाऊक आहे. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. १९४९ साली पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी तो रेणूचा आजार असल्याचे दाखवले. १९५०च्या दशकात व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमका दोष शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढेच. हे उदाहरण बहुतेक पुस्तकांत क्रमाचे महत्त्व पटवण्यासाठी देतात : एक अक्षर बदलले आणि अनर्थ झाला. ते बरोबर आहे, पण अर्धेच. व्हॅलिन हे तेलकट आम्ल रेणूच्या पृष्ठभागावर असते आणि त्याला शेजारच्या हिमोग्लोबिनवर एक तेलकट खाच मिळाली तरच ते तिथे अडकते. ती खाच फक्त ऑक्सिजन सोडलेल्या आकारात उघडी असते. ऑक्सिजन असताना मिटलेली असते. म्हणून दोष जन्मभर प्रत्येक रेणूत असूनही रेणूंच्या दोऱ्या वळल्या जातात आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात त्या ऑक्सिजन कमी झाल्यावर. क्रमातला बदल आजाराचा पाया घालतो, पण आजार घडतो तो हालचालीत. उपचारही याच तर्काने चालतो. हायड्रॉक्सियुरियामुळे शरीरात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढते आणि ते त्या दोऱ्यांमध्ये नीट सामावत नाही. नुसता क्रम पाहणाऱ्याला आजाराची ही वेळ आणि ही जागा समजणार नाही.

कोणी म्हणेल, हिमोग्लोबिन हे वाहक आहे, त्याला हलावेच लागते, विकरांचे काय? विकरांच्या बाबतीत पुरावा आणखी थेट आहे. उकळत्या पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या जिवाणूंची विकरे खूप टिकाऊ असतात. थर्मस अॅक्वॅटिकस या जिवाणूचे डीएनए पॉलिमरेज आज पीसीआर चाचणीत सर्रास वापरतात ते याचसाठी. पण ते सर्वांत वेगाने चालते सुमारे ७२ अंश सेल्सिअसला. आपल्या शरीराच्या तापमानाला ते रेंगाळते. टिकाऊपणाची किंमत वेगात मोजली जाते की काय, हे तपासण्यासाठी २००४ साली अॅडिनिलेट कायनेज या विकराच्या दोन नातेवाइकांची तुलना झाली, एक आतड्यातल्या ई. कोलाय जिवाणूचे आणि एक अतिउष्ण पाण्यातल्या जिवाणूचे. या विकराला एक झाकण असते. काम झाले की ते उघडावे लागते. दोन्ही विकरांच्या झाकणांचा मिटण्याचा वेग सारखा निघाला, पण एकाच तापमानाला उष्णताप्रिय विकराचे झाकण उघडायला जास्त वेळ लागत होता, आणि त्याच्या संथ कामाचे कारण नेमके तेवढेच होते. रासायनिक क्रिया अडलेली नव्हती, हालचाल अडलेली होती.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. पहिला आक्षेप अगदी साधा आहे : नखे, केस, रेशीम, कातडे ही सगळी प्रथिनेच आहेत आणि ती कच्ची मुळीच नाहीत. यांतले सर्वांत बोलके उदाहरण कोलॅजेनचे, शरीरात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रथिनाचे. १९५४ साली रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्ता यांनी मद्रासमध्ये त्याची तीन साखळ्यांच्या वेणीची रचना मांडली, तीही कांगारूच्या शेपटीच्या स्नायुबंधाच्या क्ष-किरण चित्रांवरून. अशी वेणी पाहून ती अभेद्य असेल असे वाटते. पण माणसाच्या कोलॅजेनचा सुटा रेणू शरीराच्या तापमानालाच हळूहळू उकलू लागतो. थंड समुद्रातल्या कॉड माशाचे कोलॅजेन तर १५ अंशांच्या आसपासच उकलते. जो प्राणी ज्या तापमानात जगतो, त्याच्या थोडे वर किंवा खाली त्याच्या कोलॅजेनची हद्द असते. बळ येते ते रेणू एकमेकांशेजारी रचून तंतू झाल्यावर आणि त्यांच्यात आडवे दुवे पडल्यावर. रेणूची वेणी घट्ट राहण्यासाठी क जीवनसत्त्वाच्या मदतीने काही प्रोलिनना हायड्रॉक्सिल गट जोडावा लागतो. तो न जोडल्यास हिरड्या सुजून रक्त येते, जुन्या जखमा उघडतात, आणि त्याला आपण स्कर्व्ही म्हणतो. जखम भरताना किंवा हाडाची डागडुजी होताना जुने कोलॅजेन काढूनही टाकावे लागते, आणि ते कापणाऱ्या विकराला वेणी त्या जागी सैल करावी लागते. शरीराने इथे बळकटी रेणूवर न टाकता रचनेवर टाकली आहे, आणि रेणू बदलता येईल इतका सैल ठेवला आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि मला तो खरोखर आदरणीय वाटतो. उत्क्रांतीचे काही अभ्यासक म्हणतात, की कच्चेपणा निवडला गेलेला नाही, तो नुसता उरलेला आहे. अमिनो आम्लांतले बहुतेक बदल घडी सैल करतात. प्रथिन काम करण्यापुरते टिकले की त्याहून टिकाऊ होण्याचा फायदा नसतो, म्हणून योगायोगाने येणारे बदल त्याला जेमतेम टिकण्याच्या काठावर आणून ठेवतात. पुरावाही आहे : प्रयोगशाळेत अनेक विकरे जास्त टिकाऊ करता आली आणि त्यांचे काम तसेच राहिले. हे मी मान्य करतो. कच्चेपणाचा प्रत्येक अंश उपयोगासाठी आहे असा दावा केला तर तो खोटा ठरेल. पण विकराच्या कामाच्या नेमक्या जागी चित्र बदलते. १९९५ साली ऑरेगॉनमध्ये ब्रायन मॅथ्यूज यांच्या गटाने टी-४ लायसोझाइमच्या क्रियास्थळावरची अमिनो आम्ले बदलली तेव्हा प्रथिन जास्त टिकाऊ झाले आणि काम गेले. म्हणजे क्रियास्थळ हे घडीतले मुद्दाम गैरसोयीत ठेवलेले ठिकाण आहे. तिथे एकमेकांना ढकलणारे गट शेजारी बसवलेले असतात, कारण येणाऱ्या पदार्थाला धरायला तेच लागतात. शिवाय जिथे गरज आहे तिथे निसर्ग टिकाऊ घडी घडवतोच. डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली क्रिस्टॅलिने जन्मभर बदलली जात नाहीत आणि ती विलक्षण टिकाऊ असतात. सत्तर वर्षांनी त्यांचीही घडी बिघडते तेव्हा मोतीबिंदू होतो. टिकाऊपणा शक्य असूनही इतरत्र तो सरसकट आढळत नाही, ही गोष्ट योगायोगाच्या स्पष्टीकरणाशी जुळते हे खरे. पण योगायोगाने मिळालेल्या सैलपणाचा पेशी उपयोग करते, हे त्यामुळे खोटे ठरत नाही. उत्क्रांतीला हाती आलेल्या वस्तूचे मूळ विचारायची गरज नसते.

या सैलपणाची किंमत पेशी रोज चुकवते. घडी पडताना साखळ्या भलत्याच ठिकाणी चिकटू नयेत म्हणून तिने सहायक प्रथिने ठेवली आहेत; काही बंद पिंपासारखी, ज्यांच्यात एकेक साखळी आत घेऊन एकांतात घडी घालू दिली जाते. बिघडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण करून त्यांचे तुकडे करणारी वेगळी यंत्रणा आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने मोडून पुन्हा बांधली जातात, आपण जेवणातून घेतो त्याच्या कितीतरी पट. आणि यात चूक झाली तर काय होते, ते अल्झायमर आणि प्रिऑनच्या आजारांत दिसते. स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली प्रिऑनची कल्पना मांडली तेव्हा ती अनेकांना अविश्वसनीय वाटली : तोच क्रम, पण दुसरा आकार, आणि तो आकार शेजारच्या रेणूंनाही आपल्यासारखा करतो. १९९०च्या दशकाअखेरीस ख्रिस्तोफर डॉब्सन यांच्या गटाने दाखवले, की आजाराशी काही संबंध नसलेली साधी प्रथिनेही योग्य परिस्थितीत तसेच कडक तंतू बनवतात. हे तंतू उष्णतेला आणि विकरांना दाद देत नाहीत. प्रथिनाला मिळू शकणाऱ्या आकारांपैकी सर्वांत पक्का आकार बहुधा हाच, आणि त्याचा पेशीला काडीचाही उपयोग नाही. ज्या अवस्थेतून हलता येत नाही ती प्रथिनासाठी मृत अवस्था आहे.

तिसरा आक्षेप आजचा आहे. २०२० साली अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीने क्रमावरून आकार सांगण्याचा पन्नास वर्षे अडलेला प्रश्न बऱ्याच अंशी सोडवला. २०२२पर्यंत २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार सर्वांसाठी खुले झाले, आणि २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने या कामाचा गौरव झाला. मग घडीचा विषय संपला असे का म्हणू नये? अन्फिन्सन यांच्या प्रयोगातून निघालेल्या प्रश्नाला एवढे मोठे उत्तर मिळणे ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तिला कमी लेखणे अन्यायाचे होईल. पण एका क्रमाला एक आकार देणारे उत्तर हिमोग्लोबिनच्या दोन आकारांमधली वाट सांगत नाही, झाकण किती वेळात उघडेल ते सांगत नाही. माणसाच्या प्रथिनांत असे लांबलचक भाग मोठ्या प्रमाणात आहेत ज्यांना स्थिर आकारच नाही. कर्करोगाला अटकाव करणाऱ्या पी-५३ प्रथिनाची टोके तशीच आहेत आणि म्हणूनच ती अनेक वेगवेगळ्या साथीदारांना धरू शकतात. तिथे संगणक प्रामाणिकपणे कमी खात्रीची खूण करतो. तो ज्या रचनांवर शिकला त्या बहुतांशी स्फटिकांतून मिळालेल्या आहेत, आणि गेल्या काही दशकांत स्फटिकांची चित्रे बहुधा द्रव नायट्रोजनच्या मदतीने उणे १७३ अंशांच्या आसपास घेतली जातात. त्या थंडीत प्रथिन जवळजवळ थिजलेले असते.

म्हणून या ग्रंथातल्या आकृत्या वाचण्याची रीत आधीच सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक आकृतीखाली ती कोणत्या तापमानाला मिळाली आणि त्या वेळी प्रथिनाने कोणता पदार्थ धरला होता, हे दिले आहे. जिथे एकाच प्रथिनाचे दोन आकार माहीत आहेत तिथे दोन्ही शेजारी छापले आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणत्याही एकाला खरा आकार म्हटलेले नाही. काही आकृत्यांत साखळी मध्येच तुटल्यासारखी दिसेल. तिथे ती तुटलेली नाही. तो भाग स्फटिकातही एका जागी ठरत नव्हता, त्यामुळे क्ष-किरणांच्या चित्रात त्याची खूण उमटली नाही. अशा जागा तुटक रेषेने जोडल्या आहेत, आणि पुढच्या प्रकरणांतली बरीचशी चर्चा त्या तुटक रेषांविषयीच आहे.